दुसऱ्या शीलापाशी

टायपिंगच्या बाई टाइप करताना बोटांकडे बघत नसत, यात नवल नव्हतं. चांगला टायपिस्ट बघतच नाही. नवल हे होतं की त्या कागदाकडेही बघत नसत. त्या समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत. वसमतच्या आसपासच्या खेड्यांतले लोक त्यांच्याकडे अर्ज टाइप करून घ्यायला यायचे, खुर्चीवर मांडी घालून बसायचे आणि सांगायला लागायचे. बाईंची बोटं बोलण्यामागे धावायची आणि नजर तोंडावर असायची. मध्येच खडखडाट थांबायचा. "बाबा, एवढं परत सांगा." माणूस चुळबुळ करायचा, टोपी सारखी करायचा. "बरं, दोन हात न्हाई, एकच हात बांध सरकवला त्यानं. तेवढंच लिवा." की मशीन पुन्हा सुरू.

अशी नजर असणाऱ्या बाईंशी मी खोटं बोललो आहे. बाईंना ते तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण माझ्या तोंडाकडे बघायची गरजच त्यांना वाटली नव्हती.

बाईंचा क्लास हळदीच्या एका अडत्याच्या गोदामावर होता. लोखंडी जिना चढून गेलं की एक लांबट खोली, खिडकीकडेला टाइपरायटरची रांग, आणि सगळ्यावर पिवळसर पापुद्रा. हंगामात खाली हळदीची पोती हलवायला लागले की वर शिंका सुरू व्हायच्या. नव्वदीच्या दशकात मी माझ्या गावाहून, हट्ट्याहून, एसटीनं तिथं टायपिंग शिकायला जायचो. बाई पोरांच्या हातांवर धुतलेला टॉवेल टाकायच्या, म्हणजे अक्षरं दिसायची नाहीत. "हाताला कळू दे आधी. डोळ्याला आपण नंतर सांगू," असं त्यांचं म्हणणं. नवीन पोरगं हळूच टॉवेलाखाली डोकवायचं आणि बाई पाठमोऱ्या असूनही म्हणायच्या, "काहून रे, टॉवेलाखाली काय सिनेमा लागलाय?"

खोडरबर त्यांच्या क्लासात नव्हतं. एक अक्षर चुकलं तरी कागद बाजूला ठेवून नवा घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. पुढं कॉम्प्युटर आले तेव्हा मागचं अक्षर पुसणारं बटण बघून बाई अस्वस्थ झाल्या. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी मेडिकलमधून चिकटपट्टी आणली आणि प्रत्येक मशीनच्या त्या बटणावर जखमेवर लावतात तशी आडवी लावून टाकली. "पुसता येतं हे कळलं की पोरगं चुकायला भीत न्हाई," म्हणाल्या. मी हसलो होतो. आज ती चिकटपट्टी आठवली की हसू येत नाही.

रविवारी सकाळी बाई पांढरी साडी नेसून विहारात जायच्या. वंदना घेणारे जाणते लोक बरेच होते, पण त्रिशरण-पंचशील बाईंनी द्यावं असा जणू नियम पडून गेला होता. त्यांचा आवाज गोड नव्हता, स्वच्छ होता. त्या एक ओळ म्हणायच्या, थांबायच्या, आणि सगळं विहार ती ओळ मागून म्हणायचं. दुसरं शील म्हणजे जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. बाई ते मशीनवर टाइप केल्यासारखं अक्षर अन् अक्षर सुटं करून म्हणायच्या. लहानपणापासून मीही ते म्हणत आलो होतो. पण म्हणणं वेगळं असतं, एवढं मला आता कळतं.

दोन हजारनंतर टाइपरायटरकडं पोरं फिरकेनाशी झाली. सगळ्यांना कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. मी तोपर्यंत नांदेडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून परत आलो होतो, हट्ट्याला घरी एका कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायचो आणि दुपारी बाईंच्या क्लासात शिकवायचो. बाईंचे भाऊ पुण्याला नोकरीला होते. त्यांच्या ऑफिसनं जुने लॅपटॉप मोडीत काढले तेव्हा आठ लॅपटॉप त्यांनी बहिणीसाठी मागून घेतले. खोकी उघडायच्या आधी बाईंनी भावाला फोन लावला. "दादा, ऑफिसनं दिले की तू आणले?" पलीकडून हसणं ऐकू आलं. बाई हसल्या नाहीत. साहेबांच्या सहीचा कागद खोक्यात आहे हे कळल्यावरच त्यांनी कात्री हातात घेतली.

लॅपटॉप आतून कोरे होते. ऑफिसनं सगळं पुसून दिलं होतं. ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्याशिवाय ते म्हणजे नुसती झाकणं. सिस्टीम विकत घ्यायची तर लॅपटॉपपेक्षा महाग. मी नांदेडला गेलो आणि सगळे आणायचे तिथून नक्कल केलेली एक सीडी आणली. त्या सीडीची खासियत अशी की ती काहीच विचारत नसे. घातली की आपली आपण सगळं पुसून, सगळं भरून, परवान्याचा नंबरसुद्धा स्वतःच टाकून मोकळी. आठही मशीन सुरू झाली. पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि निळं आभाळ उजळलं, तेव्हा बाई पदरानं चष्मा पुसत बघत राहिल्या.

"ही टेकडी कुठली रे, सुभाष? आपल्याकडं एवढं हिरवं चार दिवस टिकत न्हाई."

"परदेशातली असेल बाई."

"आणि हे सगळं कितीला पडलं?"

"फुकट मिळतं बाई हे," मी वायर गुंडाळत म्हणालो. बाईंनी मान हलवली आणि टेकडीकडेच बघत राहिल्या.

एका संगणक-शिक्षण संस्थेचं केंद्र घ्यायचं बाईंनी ठरवलं. मान्यता मिळाली असती तर परीक्षा क्लासातच झाली असती, सर्टिफिकेट इथंच मिळालं असतं. अट साधी होती: आठ चालू मशीन, आणि तपासणीच्या दिवशी साहेबांसमोर पोरांनी टाइप करून दाखवायचं. आमच्या गावची कांता नावाची मुलगी सगळ्यात तयारीची होती. तिच्या वडलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "वसमतपतूर ठीक हाय. नांदेडला परीक्षेला न्हाई पाठवणार." बाई तिला म्हणायच्या, "तुझं सर्टिफिकेट मी भिंतीवर लावणार हाय, मग घरी न्यायला देईन."

इंटरनेटची वायर आली आणि आठवड्यातच पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवायला लागली. मी ती दिसली की बंद करायचो. पोरंही तसंच करायला शिकली. पण बाईंना छापील अक्षर शेवटपर्यंत वाचायची सवय. औषधाच्या बाटलीवरचासुद्धा सगळा मजकूर वाचणारी बाई ती. एका दुपारी त्यांनी ती चौकट उघडी ठेवून मला हाक मारली.

"इथं लिहिलंय की ही सिस्टीम खरी न्हाई. आणि पुढं लिहिलंय, तुमची कुणीतरी फसवणूक केली असावी." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. या वेळी तोंडाकडे. "कुणी फसवलं रे मला?"

मी म्हणालो, सगळीकडे हेच चालतं. मी म्हणालो, कुणी तपासत नाही. मी म्हणालो, एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या आठ मशीनचं काय पडलंय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी सीडीबद्दल न्हाई विचारून राहिले," त्या म्हणाल्या. "तू 'फुकट' म्हणाला होतास."

त्या रविवारी विहारात बाई मागच्या रांगेत चटईवर बसल्या. लोक म्हणाले, "बाई, या ना पुढं." बाई म्हणाल्या, घसा धरलाय. दुसऱ्या कुणीतरी शील दिलं. मी बाजूलाच बसलो होतो. पहिलं शील सगळ्यांबरोबर म्हणून झालं आणि दुसऱ्यापाशी बाईंचे ओठ मिटले. तिसऱ्याला पुन्हा उघडले. असं पुढचे कितीतरी रविवार चाललं. लोकांना वाटायचं, बाईंचा घसा बराच दिवस धरलाय. आवळा-सुपारी आणून दिली कुणी कुणी.

मग मी धडपडायला लागलो. जगभरचे लोक मिळून बनवतात आणि कुणालाही वापरायला देतात अशी एक सिस्टीम आहे, हे मला डिप्लोमाच्या वेळेपासून माहीत होतं. आळसानं मी तिकडे गेलो नव्हतो. तिची नेहमीची आवृत्ती आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चढेना. कुणा एकानं जुन्या मशीनसाठी तिचं हलकं रूप केलं होतं, मूळ मंडळींच्या यादीत नसलेलं, आपल्या जबाबदारीवर वापरा म्हणून सांगितलेलं. ते चढलं, पण हाल करून. एक मशीन अर्ध्यातच तापून बंद पडायचं. उघडून बघितलं तर पंख्यात हळदीचा थर. बाईंनी टाइपरायटरचा जुना टूथब्रश काढला, आम्ही दोघं आठही पंखे साफ करत बसलो आणि इतके शिंकलो की खालचा हमाल जिन्यावरून विचारायला आला, "बाई, मिरची हाय का काय वर?"

पंखे साफ झाले तरी पडदा काळाच राहायचा. मशीन सुरू असल्याचा आवाज यायचा, दिवा लागायचा, समोर मात्र काळोख. मी सायबर कॅफेत जाऊन प्रश्न इंग्रजीत लिहून टाकला. काही दिवसांनी परक्या मुलखातल्या कुणा अनोळखी माणसानं उत्तर दिलं: सुरू होताना अमुक एक शब्द टाकून बघा. टाकला, आणि पडदा उजळला. सगळ्या मशीनवर नाही, दर वेळेलाही नाही, पण उजळला.

"त्याला काय मिळालं हे सांगून?" बाईंनी विचारलं.

"काही न्हाई बाई."

"नाव काय त्याचं?"

नाव नव्हतंच. काहीतरी आकडे-अक्षरं होती. बाई माझ्याबरोबर सायबर कॅफेत आल्या आणि त्यांनी स्वतः, माझ्या तोंडाकडे बघत, इंग्रजीत टाइप केलं की वसमतच्या टायपिंगच्या बाई आपल्या आभारी आहेत. एकही चूक न करता. परत येताना रस्त्यात म्हणाल्या, "म्हणजे हे दिलेलं हाय. मागितलं बी नव्हतं आपण, तरी दिलंय." एवढ्या खुशीत मी त्यांना क्वचित बघितलं होतं. पुढच्या रविवारी त्या पुढं बसल्या आणि सगळ्या विहाराला शील दिलं. दुसरं शील तर त्या दिवशी असं खणखणीत निघालं की बाहेर चपला सांभाळणारा म्हातारासुद्धा आत डोकावला.

मी मागच्या रांगेत होतो. आणि मला माहीत होतं की ते खरं नाही.

नवी सिस्टीम टाकताना मी जुनी काढलीच नव्हती. तपासणी जवळ आली होती, पडदा कधी काळा पडेल याचा भरवसा नव्हता. म्हणून जुनी तशीच खाली ठेवून नवी तिच्या शेजारी बसवली. अशा वेळी मशीन सुरू होताना एक यादी येते, जुनी पाहिजे की नवी म्हणून विचारते आणि काही सेकंद वाट बघते. किती सेकंद, ते आपण ठरवायचं असतं. मी शून्य लिहिलं. म्हणजे विचारणंच नाही. ठरावीक बटण दाबून धरलं तरच ती यादी दिसायची, आणि ते बटण मलाच ठाऊक होतं. बाईंनी विचारलं, "काढलं ना रे सगळं?" त्या तेव्हा खडू निवडत होत्या. मी "व्हय" म्हणालो. मग रविवारमागून रविवार बाई माझ्या भरवशावर शील देत राहिल्या, आणि मी त्यांच्यामागून म्हणत राहिलो.

तपासणीला नांदेडहून साहेब आले. पोहे झाले, चहा झाला. साहेबांनी चिकटपट्टीवर बोट ठेवून विचारलं, "याला काय लागलंय हो?" बाई म्हणाल्या, "त्याला न्हाई साहेब, पोरांना लागू नये म्हणून." साहेब मोकळे हसले. माणूस चांगला होता. एकेक मशीन सुरू करत गेलो, पोरं टाइप करत गेली. शेवटचं मशीन कांताचं. ते काळं पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळं. साहेबांनी घड्याळ बघितलं. कांता टॉवेलाखाली बोटं तयार ठेवून माझ्याकडे बघत होती. मी वाकलो, बटण दाबून धरलं, यादीतून जुनी निवडली.

पडद्यावर हिरवी टेकडी उगवली.

बाईंनी ती ओळखली. कांता टाइप करायला लागली, आणि तिचा हात खरोखर बघण्यासारखा होता. साहेब लिहायला लागले, "आठ..."

"साहेब, ते मशीन धरू नका," बाई म्हणाल्या. पुढं होऊन त्यांनी कांताच्या हातांवरचा टॉवेल उचलला, घडी घातली आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. "ते आमचं न्हाई."

साहेबांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "अहो बाई, तुमी उगी मनाला लावून घेऊन राहिल्या. आमच्या ऑफिसातबी हेच हाय. कोण बघतंय?"

"मी बघून राहिले ना," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाकीच्यांत बी हाय का, सुभाष?"

मी बोललो असतो तर कदाचित पुन्हा खोटंच बोललो असतो. पण बाई तोंडाकडे बघत होत्या. मी खाली बघितलं. बाई एका टोकापासून निघाल्या आणि एकेक झाकण मिटत गेल्या. पोरं आपणहून हात मागे घेत होती. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातले आणि दारात म्हणाले, "मला लय वाईट वाटून राहिलं, बाई." बाई त्यांना जिन्याखालपर्यंत सोडायला गेल्या.

वर आल्यावर त्यांनी पोरांना घरी पाठवलं. आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, आता ओरडतील. मला ते हवं होतं.

"क्लासचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मशीन तू कसलीबी चालव, ते तुझ्यापाशी. पण मी सगळ्यांना शील देत होते रे. म्हातारी माणसं, लेकरं, सगळे माझ्यामागं म्हणत होते. तू मला त्यांच्यासमोर खोटं बोलायला लावलंस."

एवढंच. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही, आणि मला क्लासातून काढलंही नाही. हे दुसरं जास्त जड गेलं. मान्यता दुसऱ्या एका क्लासला मिळाली, तिथली बॅच भरलेली होती. कांताला वर्षभर थांबा म्हणाले. वर्षभरात तिचं लग्न झालं. तिचा तो हात कुठल्याच कागदावर आला नाही. बाईंच्या खरेपणामुळं तिचं नुकसान झालं, असं लोक बोलायचे. कोणामुळं झालं ते सांगू शकणारा मी एकटाच होतो, आणि मी सांगितलं नाही.

बाईंनी मला एकच काम दिलं: आठही मशीन कोरी करून पहिल्यापासून. एक अक्षर चुकलं की नवा कागद, तसं. तपासणी नव्हती, मुदत नव्हती. बाई शेजारी खुर्ची टाकून बसायच्या, काळा पडदा आला की म्हणायच्या, "असू दे. परत." त्या अनोळखी माणसाला मी आणखी प्रश्न विचारले, त्यानं आणखी उत्तरं दिली. शेवटी आठही चालली. खरोखरची. सर्टिफिकेट न देणारा तो क्लास बाईंनी पुढं कितीतरी वर्षं चालवला. ज्यांना नुसतं शिकायचं होतं अशी पोरं येत राहिली.

सगळं झालं त्या दिवशी बाईंनी विचारलं, "आता आत काही राहिलं न्हाई ना?" या वेळी बघूनच विचारलं. मी म्हणालो, "न्हाई बाई." त्या आठ मशीनबद्दल ते खरं होतं. हट्ट्याला माझ्या घरी ज्या कॉम्प्युटरवर मी पत्रिका करायचो, त्यावर तीच सीडी होती, तीच टेकडी होती. पत्रिकेचे अक्षरसाचे, म्हणजे फॉन्ट, नव्या सिस्टीमवर चालत नव्हते, गिऱ्हाईक थांबत नव्हतं. बाईंनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. नजर माझ्या तोंडावरून काढायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला होता. पण पुढच्या रविवारी त्या पुढं बसल्या. आपल्यापुरतं त्यांचं खरं होतं.

बाई गेल्या तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. शेवटच्या दिवसांत त्या खाटेवर पडून पांघरुणावर बोटं हलवायच्या. घरच्यांना वाटायचं, थरथर आहे. मी बघून ओळखलं. त्या भेटायला येणाऱ्याचं बोलणं टाइप करत होत्या. मी शेजारी बसून पत्रिकेचा धंदा बरा चाललाय, असं सांगत होतो. बोटं थांबली. परत सांग, असं त्या म्हणाल्या नाहीत.

गेलेल्या माणसासाठी वंदना घेतात त्या पुण्यानुमोदनाला विहार भरलं होतं. त्यांची सून माझ्यापाशी आली. "दादा, आज शील तुम्ही द्या. आईंना तुम्ही जवळचे होता." नाही म्हणायला जागा नव्हती. मी पुढं जाऊन बसलो. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं. मी म्हणालो, विहार मागून म्हणालं. दुसऱ्याला मी तोंड उघडलं आणि शब्द निघाला नाही. घरच्या कॉम्प्युटरवर अजून तीच टेकडी होती, आणि त्या सकाळीच मी तो बंद करून निघालो होतो. सगळे माझी वाट बघत थांबले. मग मागून कुणीतरी म्हातारीनं ती ओळ स्वतःच उचलली आणि बाकीचे तिच्यामागं गेले.

नंतर बाहेर चपला शोधताना लोक पाठीवर हात ठेवून जात होते. "भरून आलं बिचाऱ्याला," एकजण दुसऱ्याला म्हणाला. "बाईंवर लय जीव होता त्याचा."

जीव होता, हे खरंच. पण मी थांबलो तो त्यापायी नव्हे. मी लोकांना तसं वाटू दिलं, मान खाली घालून चपला घातल्या आणि निघालो. त्या गर्दीत माझ्या तोंडाकडे बघणारं कुणी नव्हतं.